संपर्क-अधिकाऱ्याची श्रवणविद्या : ‘स्टार ट्रेक’मधील उहुरा या व्यक्तिरेखेच्या अलक्षित कौशल्यांचे विवेचन

१. प्रास्ताविक

विज्ञानकथेतील अंतराळयानावर कोणाचे काम काय, याविषयी प्रेक्षकाच्या मनात सहसा संदिग्धता नसते. कप्तान निर्णय घेतो, वैज्ञानिक कारणमीमांसा करतो, वैद्य प्राण वाचवितो आणि अभियंता यंत्रे चालती ठेवतो. संपर्क-अधिकारी काय करतो, या प्रश्नाला मात्र ‘तो निरोप पोचवितो’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे. निरोप हा आधीच तयार असतो, त्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो आणि तो इकडून तिकडे नेणारा माणूस हा केवळ तारेचा एक तुकडा असतो, असे हे गृहीत आहे. भाषेचा आणि साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला ते मान्य होण्यासारखे नाही.

अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीवरून ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात प्रसारित झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतील लेफ्टनंट उहुरा ही या संदर्भात विचारात घेण्याजोगी व्यक्तिरेखा आहे. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेल्या एकूण ७९ भागांच्या या मालिकेत निशेल निकोल्स (१९३२–२०२२) यांनी ‘एंटरप्राइज’ या यानावरील संपर्क-अधिकाऱ्याची ही भूमिका साकार केली. ‘उहुरा’ हे नाव स्वाहिली भाषेतील ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य या शब्दावरून घडविलेले आहे. कृष्णवर्णीय स्त्रीला अधिकारपदावर दाखविणारी भूमिका म्हणून या व्यक्तिरेखेचे ऐतिहासिक महत्त्व सर्वमान्य आहे. तथापि तिच्या कामाची चर्चा निघाली की ‘अंतराळातील टेलिफोन ऑपरेटर’ अशी तिची संभावना केली जाते. या व्यक्तिरेखेचा गौरव होतो तो तिच्या असण्याचा, तिच्या करण्याचा नव्हे. प्रस्तुत लेखात तिच्या करण्याचा विचार करावयाचा आहे.

२. मार्ग मोकळा करणे

उहुराच्या वाट्याला आलेले सर्वांत परिचित वाक्य म्हणजे परक्या यानाला साद घालण्याचे मार्ग खुले झाले आहेत, असे कप्तानाला कळविणारे वाक्य होय. ते इतक्या वेळा येते की त्याची थट्टाही पुष्कळ झाली. विशेष म्हणजे ही थट्टा मालिकेने स्वतःच आरंभी केली आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखविल्या गेलेल्या ‘द मॅन ट्रॅप’ या पहिल्याच भागात उहुरा स्पॉकजवळ तक्रार करते की, कंपनसंख्या हा शब्द आणखी एकदा कानी पडला तर आपल्याला रडू कोसळेल. आपल्या कामातील तोचतोपणा पात्रालाच जाणवत आहे, हे येथे संहितेने मोकळेपणाने मान्य केले आहे.

तोचतोपणा हा मात्र क्षुल्लकपणाचा पुरावा नव्हे. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये असे दाखवून दिले होते की, माणसांच्या बोलण्याचा मोठा भाग माहिती देण्यासाठी नसून परस्परांतील संबंध जागता ठेवण्यासाठी असतो. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये या विचाराला भाषिक व्यवहाराच्या आराखड्यात स्थान दिले. भाषक, श्रोता, संदेश, संदर्भ, संकेतव्यवस्था आणि संपर्क अशी सहा अंगे त्यांनी मानली व प्रत्येक अंगाशी भाषेचे एकेक कार्य जोडले. संपर्काशी निगडित असलेले कार्य म्हणजे मार्ग चालू आहे की नाही हे पाहणे, तो सुरू करणे, टिकविणे वा बंद करणे. ‘ऐकू येते आहे ना?’ हा दूरध्वनीवरील प्रश्न या कार्याचा नमुना होय. त्यात माहिती अशी काही नसते. परंतु त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढील कोणतीही माहिती पोचत नाही.

उहुराचे ते ठरावीक वाक्य या कार्यात मोडते. कप्तान कर्क परक्या यानाच्या अधिपतीशी जे तेजस्वी संवाद करतो त्या प्रत्येकाच्या आधी कोणीतरी त्या दोघांमध्ये मार्ग निर्माण केलेला असतो. हे नाटकाच्या पडद्यासारखे आहे. पडदा वर गेल्यावर कोणी पडद्याकडे पाहत नाही. परंतु पडदा ओढणाऱ्याचा हात चुकला तर प्रवेश बिघडतो.

या कार्याचे शुद्ध रूप ८ डिसेंबर १९६६ रोजी प्रसारित झालेल्या ‘द कॉन्शन्स ऑफ द किंग’ या भागात आढळते. यंत्रविभागात एकट्याने काम करीत असलेला रायली हा तरुण अधिकारी कंटाळून सोबत मागतो आणि उहुरा यानाच्या अंतर्गत संपर्कमार्गावरून त्याला गाणे ऐकविते. येथे कोणताही निरोप नाही, आज्ञा नाही. दूर बसलेल्या एकट्या माणसाला ‘तू एकटा नाहीस’ एवढेच कळविणे हा त्या मार्गाचा उपयोग आहे. ही सोबतही आपल्या कामाचा भाग आहे, असे उहुरा धरून चालते.

३. खरखर आणि शांतता

संपर्क-अधिकाऱ्याचे दुसरे कौशल्य श्रवणाचे आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या संज्ञापनाच्या गणिती सिद्धान्तात कोणत्याही मार्गावर संदेशाबरोबर अनाहूत गोंगाट येतो, हे मूलभूत सत्य मानले आहे. ऐकणाऱ्याचे काम या दोहोंची फारकत करणे हे असते. बिनतारी संदेशवहनाच्या काळातील अनुभवी तारायंत्रवाले आलेल्या ठोक्यांच्या लकबीवरून पलीकडे कोणाचा हात आहे, हे ओळखीत. ही ओळख यंत्र करून देत नसे. ती कानाला दीर्घ सरावाने येत असे. उहुराच्या कानातील रुपेरी श्रवणयंत्र आणि त्यावर हात ठेवून क्षणभर स्तब्ध होण्याची निकोल्स यांची अभिनयशैली या परंपरेचेच दृश्य रूप आहे.

या कौशल्याचा सर्वांत प्रभावी पुरावा ६ एप्रिल १९६७ रोजी दाखविल्या गेलेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या भागात मिळतो. एका निर्जन ग्रहावरील कालद्वारातून डॉक्टर मॅकॉय भूतकाळात उडी घेतो. त्याच्या तेथील कृतीमुळे इतिहास बदलतो व ग्रहावर उतरलेल्या मंडळींचे यान नाहीसे होते. हे प्रथम कळते ते उहुराला. ती यानाशी बोलत असतानाच संपर्क तुटतो. परंतु ती केवळ ‘संपर्क तुटला’ एवढेच कळवीत नाही. खरखरही नाही, काहीच नाही, असे ती सांगते. हा तपशील अत्यंत महत्त्वाचा आहे. यंत्रात दोष निर्माण झाला, मध्ये वादळ आले किंवा पलीकडचा माणूस बोलेनासा झाला, तरी मार्गावर काहीतरी उरतेच. खरखर हे मार्ग अस्तित्वात असल्याचे चिन्ह आहे. खरखरीचाही अभाव म्हणजे पलीकडे कोणी उरलेलेच नाही. त्यानंतर अभियंता स्कॉट यंत्र तपासून ते निर्दोष असल्याचे सांगतो आणि त्या प्राचीन द्वाराकडून खरे कारण कळते. तोपर्यंत उहुराने कानाने जे टिपले होते त्याला पुष्टी मिळते.

शांततेचेही प्रकार असतात आणि ते ओळखता यावे लागतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही गोष्ट अपरिचित नाही. नाटकातील विराम, कवितेतील रिकामी ओळ, कादंबरीतील न सांगितलेले प्रकरण यांचा अर्थ लावताना जी जागरूकता लागते तीच येथे एका तांत्रिक पदावरील व्यक्तीच्या ठिकाणी दिसते.

४. शब्दाचा निर्णय

श्रवणाच्या पुढची पायरी अर्थनिर्णयाची. १५ मार्च १९६८ रोजी प्रसारित झालेला ‘ब्रेड अँड सर्कसेस’ हा भाग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिलेल्या रोमन साम्राज्यासारखी समाजरचना असलेल्या एका ग्रहावर कर्क, स्पॉक व मॅकॉय उतरतात. तेथे लपून राहणाऱ्या, पळून आलेल्या गुलामांचा एक पंथ त्यांना भेटतो. हे लोक सूर्योपासक आहेत, अशी तिघांची समजूत होते. यानावर परतल्यावर स्पॉक शंका काढतो. सूर्योपासना हा सामान्यतः आदिम स्वरूपाचा धर्म असतो. त्यात संपूर्ण बंधुभावाचे तत्त्वज्ञान कोठून आले? त्या वेळी उहुरा सांगते की, आपण त्या ग्रहावरील ध्वनिक्षेपणे ऐकत होतो, त्यांत सम्राटाचा प्रवक्ता त्या धर्माची टर उडविण्याचा प्रयत्न करीत होता आणि त्याला ते साधत नव्हते. हे लोक आकाशातील सूर्याविषयी बोलत नसून ईश्वराच्या पुत्राविषयी बोलत आहेत.

इंग्रजीत सूर्य आणि पुत्र या दोन्ही अर्थांचे शब्द ‘सन’ असे एकाच उच्चाराचे आहेत. लिहिताना वेगळे दिसणारे हे शब्द ऐकताना एक होतात. मराठीत ही योजना जशीच्या तशी आणता येणार नाही, हे उघड आहे. परंतु त्यामागील समस्या भारतीय भाषाविचाराला पूर्ण परिचयाची आहे. अनेकार्थी शब्दाचा प्रस्तुत ठिकाणी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे ठरविणाऱ्या घटकांची गणना भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’ात आली असून मम्मटानेही ‘काव्यप्रकाश’ात तिचा आधार घेतला आहे. साहचर्य, विरोध, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य इत्यादी घटक तेथे सांगितले आहेत. उहुराने नेमका या घटकांचा आधार घेतला. बंधुभाव या कल्पनेचे साहचर्य तिने ध्यानात घेतले, विरोधकांच्या उपहासाचे प्रकरण पाहिले, आजूबाजूचे शब्द ऐकले आणि मगच अर्थ निश्चित केला.

येथे आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पंथाच्या लोकांना प्रत्यक्ष भेटले ते तिघे पुरुष अधिकारी. त्यांनी तोच शब्द समोरासमोर ऐकला आणि पहिला सुचलेला अर्थ स्वीकारला. उहुरा मात्र दूर कक्षेत होती व तिने ऐकली ती शत्रुपक्षाची क्षेपणे. एखाद्या श्रद्धेविषयी तिचे निंदक काय म्हणतात, यावरूनही त्या श्रद्धेचे स्वरूप कळू शकते. मात्र त्यासाठी निंदा संपूर्ण ऐकण्याची चिकाटी हवी. कथेतील कोडे शस्त्राने सुटत नाही, गणिताने सुटत नाही. ते सुटते ऐकण्याने. तरीही हा भाग रंगभूमीतील झुंजींसाठीच लक्षात ठेवला जातो.

५. हाताचे कसब आणि प्रसंगावधान

संपर्क-अधिकारी केवळ ऐकणारा नसतो. ज्या यंत्राने ऐकावयाचे त्याचा तो जाणकारही असतो. २२ सप्टेंबर १९६७ च्या ‘हू मोर्न्स फॉर अडोनाइस?’ या भागात एका अद्‌भुत शक्तीच्या विळख्यात सापडलेल्या यानाचा ग्रहावरील सहकाऱ्यांशी संपर्क तुटतो. उहुरा आपल्या फलकाखालील मंडलांची जोडणी स्वतःच्या हाताने नव्याने करते. काम अतिशय नाजूक आहे आणि असे काम कित्येक वर्षांत केलेले नाही, असे ती सांगते. त्यावर, या कामासाठी तिच्याहून योग्य कोणी आपल्याला सुचत नाही, असा अभिप्राय स्पॉक देतो. भावनेच्या आहारी न जाणाऱ्या पात्राच्या तोंडचा हा अभिप्राय असल्यामुळे त्याला प्रशस्तिपत्रकापेक्षा अधिक वजन आहे. १५ डिसेंबर १९६६ च्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात युद्धप्रसंगी ती मार्गनिर्देशकाची जागा सांभाळते. ६ ऑक्टोबर १९६७ च्या ‘मिरर, मिरर’ या भागात क्रूर प्रतिविश्वात अडकलेली उहुरा सुरक्षाफलकावरील अधिकाऱ्याचे लक्ष नेमक्या क्षणी दुसरीकडे वेधते. पहारा करणाऱ्याचे लक्ष केव्हा आणि कसे ढळते, हे स्वतः पहाऱ्यावर बसणाऱ्यालाच उत्तम कळते. पुढे १९७३ च्या सचेतपट मालिकेतील ‘द लॉरेलाय सिग्नल’ या भागात यानावरील पुरुष एका मोहक संकेताच्या अधीन होतात, तेव्हा ती यानाचे नेतृत्व हाती घेते. संकेताला भुलणे आणि संकेत ओळखणे यांतील अंतर या कथेत सरळच मांडले आहे.

६. संहितेचा संकोच

असे असताना हे कौशल्य अलक्षित का राहिले? याचे उत्तर काही अंशी संहितेतच आहे. आपले संवाद वारंवार कापले जात, अशी व्यथा निकोल्स यांनी १९९४ मधील ‘बियॉन्ड उहुरा’ या आत्मचरित्रात मांडली आहे. वर उल्लेखिलेले प्रसंग ७९ भागांत विखुरलेले आहेत. ते एकत्र केले तर एक समर्थ व्यक्तिरेखा उभी राहते. परंतु मालिका पाहताना ते सलग येत नाहीत. म्हणून उहुराचे सामर्थ्य मालिकेने ठसठशीतपणे चित्रित केले आहे, असा दावा करणे अतिशयोक्तीचे ठरेल. ते मालिकेत आहे, पण कडेला आहे.

दुसरे कारण रचनेचे आहे. प्रत्येक आठवड्यास नव्या ग्रहावरील लोकांशी बोलणे दाखवावयाचे तर भाषेचा अडसर दूर करणे लेखकाला भाग पडते. त्यासाठी सार्वत्रिक अनुवादक यंत्राची कल्पना योजिली गेली. ही सोय कथेला गती देते. परंतु भाषा जाणणाऱ्या माणसाचे काम ती गिळून टाकते. याचे सर्वांत खेदजनक उदाहरण १९९१ च्या ‘स्टार ट्रेक ६ : द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ या चित्रपटात दिसते. क्लिंगॉन सीमेवरील पहारेकऱ्यांना फसविण्यासाठी यंत्राचा उपयोग करता येणार नाही, अशी अडचण येते आणि उहुरा व तिचे सहकारी जाडजूड छापील कोश चाळीत मोडक्यातोडक्या क्लिंगॉनमध्ये उत्तर देतात. प्रसंग विनोदी आहे. पण हा विनोद व्यक्तिरेखेच्या मूल्याने विकत घेतलेला आहे. दीर्घ काळ प्रतिस्पर्धी राहिलेल्या सत्तेची भाषा ज्येष्ठ संपर्क-अधिकाऱ्याला येऊ नये, हे तिच्या आतापर्यंतच्या चित्रणाशी विसंगत आहे.

७. उत्तरकालीन दुरुस्ती

नंतरच्या लेखकांना ही उणीव जाणवली असावी, असे दिसते. ‘द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–१९९४) या मालिकेच्या प्रमुख पात्रांत स्वतंत्र संपर्क-अधिकारी नाही. पण ३० सप्टेंबर १९९१ रोजी दाखविलेल्या ‘डार्मोक’ या तिच्या भागात यंत्रानुवादाची मर्यादाच कथेचा विषय झाली आहे. टमेरियन लोकांचे शब्द यंत्र अचूक भाषांतरित करते, तरी अर्थ कळत नाही. कारण हे लोक आपल्या पुराणकथांतील व्यक्ती व स्थळे यांच्या उल्लेखांनीच बोलतात. अभिधा हाती येते, लक्षणा आणि व्यंजना निसटतात. कथा ठाऊक नसलेल्याला भाषा ठाऊक नसते, हा सिद्धान्त एवढ्या सुबोधपणे क्वचितच मांडला गेला असेल.

‘एंटरप्राइज’ (२००१–२००५) या मालिकेत कथाकाल मागे नेऊन अनुवादक यंत्र अपुरे दाखविले गेले आणि त्यामुळे होशी सातो ही भाषाशास्त्रज्ञ अपरिहार्य ठरली. २००९ च्या चित्रपटात झोई सल्डाना यांनी साकारलेली उहुरा रोम्युलन भाषेच्या तिन्ही बोली जाणते. व्हल्कन व रोम्युलन यांतील भेद सांगू न शकणाऱ्या अधिकाऱ्याची जागा तिला मिळते, ती याच ज्ञानामुळे. ४७ क्लिंगॉन जहाजांच्या विध्वंसाविषयीचा जो संदेश पुढील संकटाची पूर्वसूचना ठरतो तोही तिनेच टिपलेला असतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स’ या मालिकेत सेलिया रोझ गुडिंग यांची तरुण उहुरा ३७ भाषा जाणते. दुसऱ्याच भागात एका धूमकेतूवरील रचना शब्दांना नव्हे, तर सुरांना प्रतिसाद देते, हे तिच्या गुणगुणण्यातून उघड होते. रायलीला गाणे ऐकविणाऱ्या १९६६ च्या उहुराशी हे नाते जुळते.

८. संहितेबाहेर

या व्यक्तिरेखेचा संपर्क पडद्याबाहेरही झाला. पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याचा विचार असताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला त्यापासून परावृत्त केले, असे निकोल्स यांनी सांगितले आहे. १९७७ मध्ये त्यांनी ‘नासा’साठी स्त्रिया व अल्पसंख्य समाजांतील उमेदवारांना अंतराळवीरांच्या भरतीसाठी आवाहन करण्याचे काम हाती घेतले. जानेवारी १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत ६ स्त्रिया होत्या. या बदलाचे श्रेय एका व्यक्तीला देता येणार नाही, हे खरे. परंतु ज्यांना आजवर साद घातली गेली नव्हती त्यांच्यापर्यंत मार्ग खुला करणे, हे काम उहुराच्या कामाहून वेगळे नव्हते. सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन आपल्या पाळीचा आरंभ उहुराच्या त्या ठरावीक वाक्याने करीत असत. ज्या वाक्यात माहिती नाही, असे मानले गेले त्याने इतका दूरचा पल्ला गाठला.

प्रत्यक्ष अंतराळमोहिमांनीही या कामाचे मोल ओळखले होते. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर यान उतरत असताना पृथ्वीवरून अंतराळवीरांशी बोलण्याचे काम चार्ल्स ड्यूक या एका व्यक्तीकडे होते आणि तेही स्वतः अंतराळवीर होते. नियंत्रणकक्षात अनेक तज्ज्ञ असत. पण बोलणारा सहसा एकच असे. ऐकणाऱ्याची स्थिती जाणणारा माणूस मध्ये असावा, ही त्यामागील दृष्टी होती.

९. समारोप

उहुराच्या कामाचे पृथक्करण केले असता मार्ग खुला ठेवणे, गोंगाटातून संदेश निवडणे, शांततेचा अर्थ लावणे, संदिग्ध शब्दाचा निर्णय करणे आणि साधन बिघडल्यास ते दुरुस्त करणे अशी पाच कौशल्ये हाती येतात. यांपैकी कोणतेही प्रेक्षणीय नाही, कारण ती यशस्वी झाली की दिसेनाशी होतात. संवाद सुरळीत झाला की श्रेय बोलणाऱ्यांना मिळते. दुभाषी, अनुवादक, संपादक आणि शिक्षक यांच्या कामाचेही असेच होते. म्हणून या व्यक्तिरेखेविषयीचा प्रश्न एका मालिकेपुरता मर्यादित राहत नाही. अर्थ हा बोलणाऱ्याच्या मुखातच पूर्ण होतो, असे मानणारा समाज ऐकणाऱ्याला नोकर समजतो. तो ऐकणाऱ्यापाशी पूर्ण होतो, हे ज्याला कळते तो त्याला अधिकारी मानतो. कथेतील यानावर उहुराचे पद अधिकाऱ्याचे आहे. पाहणाऱ्यांनी मात्र ते तसे मानावयास फार वेळ लावला.